कंपवाताची जमाखर्च वही

(मराठी विभाग – बी. कॉम. भाग २)

मागच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आजोळी इंदूरला गेले होते. आमचे आजोळ अन्नपूर्णा भागात, देवळापासून चालत दहा मिनिटांवर आहे. आजोबा एका बँकेत छत्तीस वर्षे कॅशियर होते. गेली पाच वर्षे त्यांना कंपवात आहे. डॉक्टर त्याला पार्किन्सनचा आजार म्हणतात. उजवा हात थरथरतो, पावले आखूड पडतात, आणि ज्या अक्षराला सारी शाखा नावाजत असे ते अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे बारीक होते.

आजोबांची सवय मात्र सुटलेली नाही. त्यांनी आपल्या आजाराचीही वही घातली आहे. लाल पुठ्ठ्याची, आडवी, रकाने आखलेली. गोळी किती वाजता घेतली, हात किती वाजता 'सुटला', सदऱ्याची बटणे स्वतः लावली की आजीने, देवळापर्यंत जाणे झाले की नाही, असे सारे त्या वहीत.

शेजारच्या एका गृहस्थांनी त्यांना कौंचाच्या बियांचे चूर्ण सुचवले. आजोबांनी ते सुरू केले आणि कोणालाही न सांगता दिवसातल्या तीन गोळ्यांपैकी एक गाळली. वहीप्रमाणे पाहिले तर प्रकृती सुधारत होती. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी पहाटे ते ओसरीवर पडले. कपाळाला चार टाके पडले.

डॉक्टरांनी ती वही मागून घेतली, पाने उलटली आणि विचारले, "काका, या पानावर मंगळवार आणि शुक्रवार कुठे आहेत?"

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी पेन धरता आले नाही, डॉक्टरसाहेब."

म्हणजे वहीत फक्त चांगले दिवस उतरले होते. वाईट दिवस मुद्दाम लपवलेले नव्हते. ते वाईट होते म्हणूनच लिहिले गेले नव्हते. प्रस्तुत लेख त्या दोन कोऱ्या ओळींविषयी आहे. मी वैद्यकाची विद्यार्थिनी नाही, वाणिज्य शाखेची आहे. परंतु औषधाचा गुण आला की नाही हे जगभरचे डॉक्टर कसे ठरवतात, याची पुस्तके सुटीत वाचली तेव्हा ते काम आपल्या कीर्द-खतावणीपासून फार दूरचे नाही असे मला वाटले.

रोग कसला आहे?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघ्या सहा रुग्णांचे वर्णन आहे, आणि त्यांतील काहींना तर त्यांनी रस्त्यातून जातानाच पाहिले होते. रोगाचे नाव या डॉक्टरांवरूनच पडले.

मेंदूच्या तळाशी एक लहानसा काळसर भाग आहे. तेथील पेशी डोपामीन नावाचे द्रव्य तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने पार पाडणे, थांबवणे ही कामे या द्रव्यावाचून अडतात. या पेशी हळूहळू मरत जातात. कंप दिसू लागतो तोवर त्यांचा मोठा भाग गेलेला असतो. कारकुनी भाषेत सांगायचे तर शिल्लक बरीच संपल्यावर पहिला धनादेश परत येतो.

हे डोपामीनचे कोडे सुटण्यात आपल्या देशातील एका वनस्पतीचा वाटा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये त्या मुळीतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. स्वीडनमधील आर्विड कार्लसन व सहकाऱ्यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पीन दिले, तेव्हा ससे कान पाडून निश्चल बसले. नंतर लेव्होडोपा टोचताच ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. १९६० मध्ये व्हिएन्नात मृत रुग्णांचे मेंदू तपासले असता त्यांत डोपामीन फार कमी आढळले. १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉ. जॉर्ज कोट्झियास यांनी मोठ्या मात्रेत तोंडावाटे डोपा देऊन रुग्णांना चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे वाचक विचारतील की, डोपामीनच कमी आहे तर डोपामीनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरण्याच्या नाक्यावर ते अडवले जाते. लेव्होडोपा तो नाका ओलांडतो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन बनते. परंतु त्यातील बराच भाग वाटेतच, शरीरात इतरत्र, रूपांतरित होऊन मळमळ आणतो. म्हणून गोळीत कार्बिडोपा नावाचे दुसरे द्रव्य मिसळतात. ते ही वाटेतली गळती थांबवते आणि मग थोडी मात्रा पुरते.

खाजकुइलीच्या बिया

आजोबांच्या चूर्णातील कौंच म्हणजे आपली खाजकुइली. पावसाळ्यानंतर कुंपणावर हिच्या लवदार शेंगा लोंबतात आणि अंगाला लागल्या की माणूस नाचू लागतो. आपल्या कन्नड विभागातील मित्र तिला नसुगुन्नी म्हणून ओळखतात. संस्कृतात तिची नावे आत्मगुप्ता आणि कपिकच्छू.

शेजाऱ्यांचा सल्ला हवेतला नव्हता. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढला होता. त्याचा कंपवातावर उपयोग होईल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य, मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी या बियांनी केलेल्या उपचाराचा अभ्यास 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांना लाभ झाल्याचे आढळले. म्हणजे बियांत औषध आहे, यात शंका नाही. प्रश्न पुढचा आहे: किती, कोणाला, किती काळ, आणि कशाच्या मोबदल्यात?

हे प्रश्न हिशेबाचे आहेत. ते सोडवण्यासाठी बियांवर पुढे जे अभ्यास झाले, त्यांतील तीन मी निवडले आहेत.

साठ, आठ आणि चौदा

पहिला अभ्यास १९९५ सालचा, भारतातील अनेक केंद्रांत झालेला. बियांपासून केलेले एचपी-२०० हे औषध ६० रुग्णांना १२ आठवडे दिले. त्यांतील २६ जण आधीपासून लेव्होडोपाच्या गोळ्या घेत होते, ३४ जण घेत नव्हते. रोगाची तीव्रता गुणांनी मोजली. ही गुण देण्याची रीत आपल्या परीक्षेच्या उलट असते: शून्य म्हणजे उत्तम आणि प्रत्येक बाबीत चार म्हणजे सर्वांत वाईट. १२ आठवड्यांनी गुण लक्षणीयरीत्या उतरले.

आकडा आनंदाचा आहे. परंतु आपण काय घेत आहोत हे सर्व रुग्णांना ठाऊक होते, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याने काय बिघडते? कंपवातात पुष्कळ बिघडते. कॅनडातील व्हँकुव्हर येथे २००१ साली असे दिसले की, या रुग्णांना औषध म्हणून नुसते लटके द्रव्य दिले तरी, गुण येईल या आशेनेच त्यांच्या मेंदूत डोपामीन स्रवते. म्हणजे या आजारात आशा हीच एक छोटी मात्रा आहे. तेव्हा सुधारणेतील औषधाचा वाटा किती आणि आशेचा किती, हे वेगवेगळ्या खात्यांत टाकल्यावाचून कळणार कसे?

दुसरा अभ्यास लंडनचा, २००४ सालचा. रुग्ण फक्त आठ. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी कधी बियांचे चूर्ण, कधी नेहमीचे औषध दिले. त्या दिवशी कोणते दिले ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. यालाच 'डबल ब्लाइंड' पद्धत म्हणतात. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण सरासरी ३४.६ मिनिटांत आला, गोळीचा ६८.५ मिनिटांत. आणि तो गुण सुमारे ३७ मिनिटे अधिक टिकला. संख्या लहान असूनही हा पुरावा अधिक भक्कम का, हे आता सहज कळेल. हिशेब तपासणाऱ्याला मालक कोण ते माहीत नव्हते.

मात्र हा अभ्यास एकेका मात्रेचा होता. आजोबांना औषध एक दिवस घ्यायचे नाही, रोज घ्यायचे आहे.

तिसरा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. यातले रुग्ण रोज चूर्ण घेत होते आणि पाळी बदलून गोळ्याही. एकूण मुदत १६ आठवडे. रुग्ण १४. त्यांतील ७ जणांनी अभ्यास मध्येच सोडला. चूर्ण घेत असताना काहींना पोटाच्या तक्रारी झाल्या, काहींची हालचाल अधिक बिघडली. जे टिकले त्यांना चूर्णाचा गुण गोळीच्या तोडीचा आला.

आता हा निकाल कसा लिहायचा? उरलेल्या सातांची सरासरी काढली तर चूर्ण उत्तम ठरते. गेलेले सात मोजले तर निम्म्यांना ते झेपले नाही. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु पहिलेच छापले तर तो आजोबांच्या वहीसारखा हिशेब होईल. व्यापाऱ्याने बुडीत कर्जे न दाखवता फक्त वसूल झालेली बाकी दाखवली तर त्याचा ताळेबंद आपले सर स्वीकारतील काय? सोडून गेलेला रुग्ण म्हणजे या खात्यातले बुडीत कर्ज. तो का गेला हे लिहावेच लागते. त्या अभ्यासातील डॉक्टरांनी ते लिहिले, म्हणून आज मी ते वाचू शकले.

भाजक कोणता?

आणखी एक चूक मला आमच्या संख्याशास्त्राच्या पेपरमुळे ओळखता आली. मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० लोकांची पाहणी करून १९८८ साली डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी कंपवाताचे प्रमाण प्रसिद्ध केले. रुग्ण ४६ मिळाले, म्हणजे लाखामागे ३२८. बंगळूर परिसरात लाखाहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचे २००४ साली प्रसिद्ध झालेले प्रमाण लाखामागे सुमारे ३३. दहापट फरक!

हे दोन आकडे शेजारी ठेवून पारशांना हा रोग दहापट होतो असे कोणी म्हणाले तर ते घाईचे होईल. हा आजार मुख्यतः उतारवयातला आहे, आणि पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे. बंगळूरच्या लाखांत शाळकरी मुलेही मोजलेली आहेत. वयाप्रमाणे भार देऊन सरासरी काढली की बंगळूरचाच आकडा ७६ वर जातो. रुग्ण तेच, भाजक बदलला. कोणताही टक्का वाचताना तो कशाचा टक्का, हे आधी विचारावे.

इंदूरची नोंद

आजोबांचे टाके निघाल्यावर डॉक्टरांनी शहरातील एका अभ्यासाची माहिती दिली. कंपवातावरील एका औषधाची चाचणी होती आणि आजोबांचे नाव सुचवता येत होते. मामा एकदम म्हणाला, "नको. आपण काही उंदीर नाही."

मामाच्या रागामागे इंदूरचा इतिहास आहे. २००५ च्या जानेवारीत नियम बदलले आणि परदेशी औषधांच्या चाचण्या भारतात वाढल्या. पुढील काही वर्षांत इंदूरमध्ये झालेल्या चाचण्यांबद्दल तक्रारी झाल्या: रुग्णांना आपल्यावर चाचणी होत आहे हे नीट सांगितले नाही, गरिबांच्या सह्या न समजता घेतल्या. डॉ. आनंद राय यांनी हा विषय लावून धरला, विधानसभेत प्रश्न आले. २०१२ च्या आरंभी राज्य शासनाने चाचण्यांची माहिती न दिल्याबद्दल १२ डॉक्टरांना प्रत्येकी ५,००० रुपये दंड केला. त्याच वर्षी इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला.

त्या खटल्याच्या काळात नियम कडक होत गेले. ३० जानेवारी २०१३ रोजी भरपाईचा नियम आला. ऑक्टोबर २०१३ मध्ये न्यायालयाने रुग्णाची संमती ध्वनिचित्रमुद्रित करण्याचा आदेश दिला. १९ मार्च २०१९ पासून नवी औषधे व चाचण्यांची स्वतंत्र नियमावली लागू झाली. त्याआधी २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली होती आणि जून २००९ पासून तीत नोंद सक्तीची झाली. या नोंदवहीचे महत्त्व आपल्याला चटकन पटावे. पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच चाचणी कशाची, किती जणांवर, काय मोजणार, हे लिहून ठेवावे लागते. पुढे निकाल नावडता आला म्हणून चाचणी झालीच नाही असे म्हणता येत नाही, कारण आरंभीची नोंद तेथे असते.

भरपाईचे सूत्र मी आजोबांना वाचून दाखवले. चाचणीमुळे मृत्यू आल्यास आठ लाखांना वयाच्या गुणकाने आणि जोखमीच्या गुणकाने गुणायचे व ९९.३७ ने भागायचे. पासष्ट आणि त्यापुढील वयाचा गुणक ९९.३७ च आहे. जोखीम मध्यम धरली तर तिचा गुणक २. आजोबांनी तोंडी हिशेब केला: सोळा लाख. मग त्यांनी माझा विचारला. विसाव्या वर्षाचा गुणक २२४ आणि निरोगी माणसाचा जोखीम-गुणक ४. उत्तर सुमारे बहात्तर लाख तेरा हजार. "बरोबर आहे," आजोबा म्हणाले, "तुझी मुदत ठेव अजून पुष्कळ वर्षांची आहे." आजी रागावून आत निघून गेली.

संमतिपत्र हिंदीत होते आणि अनेक पानांचे. कॅशियर जसा धनादेश पाहतो तसे आजोबांनी ते दोन दिवस पाहिले. कधीही बाहेर पडता येईल काय? बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतील काय? दुखापत झाली तर खर्च कोणाचा? तिन्ही उत्तरे त्या कागदावर होती. मामाचाही विरोध थोडा मावळला.

मग एका पानावर प्रश्न आला: गेल्या तीन महिन्यांत कोणतेही वनौषध घेतले आहे काय? 'हो' लिहिले तर अभ्यासात प्रवेश नाही. मामा म्हणाला, "चूर्ण तर बंद केले आहे. कोणाला कळणार?"

आजोबांनी 'हो' वर खूण केली. खूण वेडीवाकडी आली, पण आली. आठवड्याने निरोप आला की त्यांना घेता येत नाही.

मला वाईट वाटले, हे मी कबूल करते. कदाचित त्या औषधाचा त्यांना गुण आला असता. कदाचित नसता, तेच तर शोधायचे होते. परंतु त्यांनी 'नाही' लिहिले असते तर त्यांच्या रक्तातील चूर्णाचा गुण किंवा दोष त्या नव्या औषधाच्या खात्यावर चढला असता, आणि ती चुकीची बाकी पुढे हजारो अनोळखी रुग्णांच्या नावे ओढली गेली असती. छत्तीस वर्षे ज्याने रोज संध्याकाळी रोकड जुळवल्यावाचून घर गाठले नाही, त्याला हे कोणी शिकवावे लागले नाही.

समारोप

वाचकांपैकी कोणाच्या घरी हा आजार असेल तर एवढे ध्यानात ठेवावे. चालू गोळ्या आपल्या मनाने एकाएकी कमी किंवा बंद करू नयेत. त्याने गंभीर, क्वचित जीवघेणा त्रास होतो. गोळी आणि प्रथिनयुक्त जेवण एकाच वेळी घेतल्यास गोळीचा गुण कमी येऊ शकतो, म्हणून वेळा डॉक्टरांना विचाराव्यात. बियांचे चूर्ण हे खरे औषध आहे, म्हणूनच ते लपवून घेऊ नये. पुडीपुडीत लेव्होडोपाचे प्रमाण वेगळे असू शकते आणि त्यात गळती थांबवणारे कार्बिडोपा नसते. आजही या रोगावर पेशी परत आणणारे औषध नाही. जे आहे ते लक्षणे आवरणारे आहे.

आणि वही ठेवावी. डॉक्टरांनी आजोबांची वही परत देताना तिला एक रकाना वाढवून दिला: 'लिहिणार कोण'. आता ज्या दिवशी आजोबांना पेन धरवत नाही त्या दिवशी आजी लिहिते. तिचे अक्षर मोठे, थोडे तिरके आहे. मी निघाले त्या आठवड्याच्या पानावर सातही वार भरलेले होते. त्यांतले तीन आजीच्या अक्षरात होते.